तिसऱ्या टबातलं पाणी

लोक पैसा पाण्यासारखा खर्च करतात. तिचा नवरा पाणी पैशासारखं खर्च करायचा. न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदानं बंद करून त्यानं घरातच डार्करूम थाटली होती आणि भिंतीशी ओळीनं तीन टब मांडले होते. फोटोचा कागद रसायनातून निघाला की आधी पहिल्या टबात, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. नळ वाहता ठेवून फोटो धुवायची सोय नव्हती. काम संपलं की पहिल्यातलं मळकं पाणी बादलीत जाई, दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात, आणि ताजं पाणी फक्त तिसऱ्यात पडे. बादलीतल्या पाण्यानंही गच्ची धुतली जायची. ती त्याला चिक्कू म्हणायची आणि तो खूश व्हायचा.

तो अचानक गेला. आदल्याच दिवशी त्यानं तिसरा टब भरून वर पाट झाकून ठेवला होता, आणि कॅमेऱ्यात एक रोल होता.

घरातली माणसं पांगल्यावर तिनं तो रोल धुतला. इस्पितळात एक्स-रेच्या फिल्म धुण्याचीच तिनं वर्षानुवर्षं नोकरी केली होती, त्यामुळे अंधाराचं तिला नवल नव्हतं. सगळे फोटो तिचेच निघाले. गच्चीवर, वेताच्या खुर्चीत बसलेली. ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं, म्हणून प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला फरशीवर त्याची सावली पडली होती. कॅमेरा डोळ्याला, दोन्ही कोपरं वर.

कॅमेरा कायम त्याच्याच हातात असल्यामुळे त्याचा स्वतःचा धड असा एकही फोटो घरात नव्हता. तिला त्याला एकदा नीट बघायचं होतं, बस्स. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणून तिनं त्यातला एक फोटो छापला, त्याच्या पद्धतीनं तिन्ही टबांतून काढला आणि दोरीला लावला.

वाळल्यावर पाहिलं, तर सावलीची कोपरं खाली होती.

तिनं भिंग घेऊन निगेटिव्ह तपासली. त्यात कोपरं वरच होती. नियमाप्रमाणे पाणी पुढं सरकवून, म्हणजे त्यानं शेवटचं भरलेलं पाणी आता दुसऱ्या टबात घेऊन, तिनं तोच फोटो पुन्हा छापला. लाल दिव्याखाली चित्र उमटलं तेव्हाही कोपरं वर होती. धुतल्यावर ती खाली आली, आणि सावलीचं डोकं खुर्चीकडे बोटभर सरकलं होतं.

तिसऱ्यांदा छापताना त्याचं पाणी पहिल्या टबात आलं. त्या खेपेला सावलीचं डोकं जवळजवळ तिच्या पायांना टेकलं. तिनं टबांत हात घालून पाहिला. दुसरे दोन थंडगार होते. पहिला कोमट होता, कुणीतरी नुकताच हात काढून घेतल्यासारखा.

यानंतर त्या पाण्याची पाळी बादलीची होती. तिच्यानं ते टाकवेना. ती त्याच पाण्यात फोटो धूत राहिली.

एका दुपारी नणंद आली. दोरीवरचे फोटो बघत ती बराच वेळ उभी राहिली.

"वहिनी, हे पिवळे पडायला लागलेत गं."

"पाणी बदललं नाहीये."

"दादा असता तर ओरडला असता."

"असता तर," ती म्हणाली.

नणंद गेल्यावर तिनं फोटो उजेडात धरले. सगळ्यांत आधी सावलीच विटत चालली होती. पाणी धरून ठेवावं तर फोटो जाणार, आणि फोटो राखायचे तर पाणी सोडावं लागणार. ती न्हाणीघरात बसून पोटभर रडली. मग उठून तिनं पहिला टब बादलीत उपडा केला.

गच्चीवर कडक ऊन होतं. वेताची खुर्ची अजून तिथंच होती. उतार खुर्चीपासून पलीकडच्या कोपऱ्यातल्या पाइपाकडे होता. तिनं बादली ओतली आणि पाणी सरळ पाइपाकडे धावलं.

फरशी बघता बघता वाळली. मधोमध एक लांबट ओल तेवढी राहिली.

ती खुर्चीत बसली. तिथून नीट दिसत होतं. दोन पाय, खांदे, डोकं. दोन्ही कोपरं वर.

फोटो काढताना तो नेहमी म्हणायचा, हलू नकोस.

ती हलली नाही.

जरा वेळानं कोपरं खाली आली.

मग ती ओल चढाच्या बाजूनं, खुर्चीकडे, फरशीमागून फरशी भिजवत येऊ लागली.

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या.

पाणी पावलांना लागलं तेव्हा कोमट होतं.