पन्नासाच्या जागी साठ

"वहिनी, लोक पैसे गेले म्हणून रडतात. ही बाई पैसे आले म्हणून रडतेय!" भाऊजींनी कपाळावर हात मारला.

वहिनींनी वीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं होतं. आता त्या खासगी तपासाची कामं घेत. धाकटे दीर मदतीला असायचे, म्हणजे पिशवी धरायला आणि गोंधळ घालायला.

समोरची बाई शिवणाच्या दुकानात कामाला होती. तिच्या घटस्फोटाचा खटला चालू होता. वकिलाची फी नवऱ्याने द्यावी, या तिच्या अर्जावर उद्या निर्णय व्हायचा होता. आणि सोमवारी तिच्या वकीलबाईंच्या टपालपेटीत एक जाड पाकीट सापडलं. आत साठ हजार रुपये आणि चिठ्ठी: 'तिची फी. परत करू नये.'

"नवऱ्याचा वकील म्हणतो, दुकानाच्या मालकाने दिले. हिला पोसणारा आहे, मग नवऱ्याने फी का भरायची?" ती बाई म्हणाली. "वकीलबाई अनोळखी पैसे ठेवणार नाहीत. उद्या अर्ज फेटाळला तर वकीलही जाणार आणि अब्रूही."

"फी किती ठरली होती?" वहिनींनी विचारलं.

"पन्नास हजार. भावाला आणि मालकांनाही मी तेवढीच सांगितली होती."

"मग वर दहा कशाचे?" भाऊजी म्हणाले. "माझं तर डोकंच चालेना."

"त्याची सवय आहे तुम्हाला. चला."

साठचा आकडा कुठून आला, असं वहिनींनी विचारताच वकीलबाई ओशाळल्या. "चूक माझी. जुन्या अर्जावरून नवा टाईप केला, त्यात साठचा आकडा तसाच राहिला. सुनावणीत सगळ्यांसमोर मी तो पन्नास केला. नवरा तिथेच उभा होता, हसलासुद्धा. सासरी आधी गेलेली प्रत मात्र दुरुस्त करायची राहून गेली."

दुकानाचा मालक उखडला. "पन्नास हजार असते तर नवं मशीन नसतं घेतलं?"

भावाने मान खाली घातली. "ताईला पन्नास देता येत नाहीत, म्हणून तर मी तिच्यासमोर जात नाही."

नवरा दारातच गुरगुरला. "पन्नास काय, पाचसुद्धा देणार नाही!"

"अर्जाची प्रत बघू?" वहिनी म्हणाल्या.

"अर्जाचं ते पाकीट मी फोडलंच नाही. आई, कुठे आहे गं?"

"माझ्या कपाटात. मीच फोडून वाचलं," सासूबाई हळूच म्हणाल्या. तेवढ्यात आतून सासरे ओरडले, "कुठे मेलीस?" त्या लगबगीने आत गेल्या.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना वकीलबाईंच्या ऑफिसात जमवलं.

"मला कळलं!" भाऊजी उठले. "नवऱ्यानेच भरले. पश्चात्ताप झाला!"

"कसला डोंबलाचा पश्चात्ताप!" नवरा ओरडला.

"बसा भाऊजी. पैसे भरणाऱ्याला फी साठ वाटत होती. मालकांना, भावाला पन्नास माहीत. नवऱ्याने आकडा बदलताना स्वतः पाहिला. साठ उरले फक्त सासरच्या प्रतीत. ती वाचली, पण कोर्टात आली नाही, अशी व्यक्ती एकच." वहिनी वळल्या. "सासूबाई, खरं ना?"

सून थक्क झाली. "तुम्ही? पण का?"

"तीस वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेत, माझेच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच वकिलासाठी ठेवले होते. माझी हिंमत झाली नाही. तू केलीस, मग म्हटलं, पैशावाचून तुझं अडू नये."

"आई!" नवरा किंचाळला.

"उद्या हे कोर्टात सांगाल?" वकीलबाईंनी विचारलं.

"सांगेन. हिच्या नावाला बट्टा नको."

भाऊजी रुमाल शोधत होते. सगळे उठले, पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मुलाकडे न बघता त्यांनी वकीलबाईंना विचारलं,

"माझ्या वयाच्या बाईचा अर्ज घेतात का हो?"