दुपारी माना टाकणारे टोमॅटो

चंद्रावरच्या ‘कौमुदी’ वसाहतीतले टोमॅटो आठवडाभर एक विचित्र खेळ खेळत होते. सकाळी मळ्यातले दिवे लागले की झाडं टवटवीत. दुपारी दिवे प्रखर झाले की नवव्या वाफ्यातली झाडं माना टाकत. संध्याकाळी दिवे मंदावले की पुन्हा ताठ! पाणी कमी पडावं, तर तेही नाही. मातीत बोट खुपसलं की ओलं होऊनच बाहेर येई.

अकरा वर्षांची शाल्मली पाटोळे शाळा सुटली की मळ्यात यायची. मळा सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञ डॉ. निर्मला तांडेल मूळच्या अलिबागकडच्या. शाल्मली त्यांना मावशी म्हणायची. खुरपणीला एक चार हातांचा यंत्रमानव होता, त्याचं नाव अर्थातच खुरप्या.

“मावशी, आज दहाव्या आणि अकराव्या वाफ्यातलीही झाडं झोपली!”

मावशी काही बोलायच्या आत वसाहतीच्या प्रमुख देशमाने बाई आत आल्या. त्यांचा चेहरा गंभीर होता.

“निर्मला, एकसष्ट माणसांची ताजी भाजी इथून जाते. श्वासाचा बराचसा प्राणवायूही इथूनच येतो. पाच दिवसांत कारण सापडलं नाही, तर सगळी झाडं उपटून माती भट्टीत भाजायची. मग निम्म्या लोकांना पृथ्वीवर परत पाठवावं लागेल.”

त्या गेल्या आणि शाल्मली मावशींना बिलगली. परत जाणाऱ्यांत आपण असलो तर?

“घाबरून रोग जात नाही,” मावशी म्हणाल्या. “चल, एकेका संशयिताला तपासू.”

त्यांनी एका सुकलेल्या झाडाचं खोड उभं चिरलं. “मर रोगाची बुरशी खोडातल्या पाण्याच्या नळ्या तुंबवते. मग खोड आतून तपकिरी दिसतं. हे बघ.”

“हे तर स्वच्छ आहे.”

“म्हणजे ती बुरशी नव्हे. आता विषाणू (जिवंत पेशीत शिरल्याशिवाय ज्याला वाढताच येत नाही असा अतिसूक्ष्म रोगकारक). विषाणू आला की पानं बहुधा चुरडतात, त्यांवर पिवळे-हिरवे डाग पडतात. शिवाय टोमॅटोचे बरेचसे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर पांढरी माशी किंवा मावा नेतो.”

“पण इथे एकही माशी नाही!”

“आणि पानंही नितळ आहेत. मग उरलं काय?”

शाल्मली विचारात पडली. पाणी मातीत आहे, पण पानापर्यंत पोचत नाही. मधली नळी तर मोकळी आहे. “मावशी, आपण मुळं बघितलीच नाहीत!”

तिने अलगद झाड उपटलं. मुळांवर मण्यांसारख्या गाठीच गाठी होत्या. चोळूनही त्या सुटेनात, मूळच सुजलेलं होतं.

मावशींचे डोळे चमकले. त्यांनी नरसाळ्यात मलमलीचं फडकं घातलं, त्यावर त्या झाडाखालची माती ठेवली आणि पाणी भरलं. “मातीत कुणी असेल तर वळवळत फडक्यातून निसटेल आणि तळाशी जाईल. पृथ्वीवर एक दिवस पुरतो. इथे सगळंच सावकाश पडतं, आपण दोन दिवस थांबू.”

तिसऱ्या दिवशी तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली गेला. शाल्मलीने डोळा लावला आणि दचकलीच. काचेसारखे पारदर्शक दोरे वळवळत होते!

“सूत्रकृमी,” मावशी म्हणाल्या. “दोऱ्यासारखे, डोळ्यांना न दिसणारे कृमी. पिल्लं मुळाच्या टोकातून आत शिरतात. मादी एका जागी ठाण मांडून रस पिते, तिच्याभोवती मूळ सुजतं आणि पाण्याची वाट अडते. सकाळ-संध्याकाळ झाड कसंबसं निभावतं. दुपारी पानं जास्त पाणी मागतात आणि मूळ पुरवू शकत नाही.”

“म्हणून दुपारीच माना टाकतात!”

“अगदी. पण आपली माती चंद्राच्या धुळीची, भाजून घेतलेली. पृथ्वीवरची माती आणल्याशिवाय हे इथे येणार कसे?”

शाल्मलीला एकदम आठवलं. पृथ्वीवरून येताना तिने सामानात लपवून मोगऱ्याचं एक रोप आणलं होतं. ते जळलं तेव्हा कुंडीतली माती तिने गुपचूप मळ्यात टाकली होती. कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नव्हतं.

“मावशी,” ती पुढे होऊन म्हणाली, “ती माती मी आणली.”

देशमाने बाईंसमोरही तिने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “माती कुठे टाकलीस, नेमकं दाखव.”

तिने नवव्या वाफ्याचं टोक दाखवलं. मावशींनी लगेच खुरप्याची नोंदवही उघडली. तो रोज नऊ, दहा, अकरा याच क्रमाने खुरपत होता. त्याच्या हातातल्या खुरप्याला चिकटलेल्या मातीबरोबर कृमी पुढे जात होते. बाकीच्या वाफ्यांसाठी दुसरं खुरपं होतं. त्यांतल्या झाडांची मुळं तपासली, एकही गाठ नाही!

“पोरी, तू बोललीस म्हणून बाकीचा मळा वाचला,” बाई म्हणाल्या. “आता हे तीन वाफे तेवढे भाजा.”

“भाजले तर मातीतले उपयोगी जीवही मरतील,” मावशी म्हणाल्या. “मला थोडी मुदत द्या. माझ्या शीतपेटीत एक शिकारी बुरशी आहे.”

“बुरशी?” खुरप्या किंचाळला. “बुरशी शत्रूंच्या यादीत आहे!”

“सगळ्या बुरश्या सारख्या नसतात, बाबा.”

शिजवलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी वाढवण्याचं काम शाल्मलीने अंगावर घेतलं. दाणे पांढऱ्या कापसासारखे दिसू लागले, तेव्हा त्यातली चिमूटभर बुरशी आणि थोडे कृमी त्यांनी कॅमेऱ्याखाली ठेवले. पडद्यासमोर अर्धी वसाहत जमली. बुरशीच्या तंतूंवर इवल्या इवल्या कड्या तयार झाल्या होत्या. एक कृमी वळवळत आला आणि त्याने कडीत डोकं घातलं. डोळ्याचं पातं लवण्याआत कडी फुगली आणि फास आवळला!

“पकडला!” शाल्मली ओरडली. देशमाने बाई चक्क टाळ्या वाजवत होत्या. खुरप्याने चारही हात वर केले.

तिन्ही वाफ्यांतली रोगट झाडं काढून ती ज्वारी मातीत मिसळली. काठाने झेंडू लावला, कारण त्याच्या मुळांतला रस या कृमींना सोसत नाही. मग नवी रोपं लागली. दोन महिन्यांनी ऐन दुपारी सगळे वाफ्यांशी उभे राहिले. दिवे प्रखर झाले. एक मिनिट गेलं, दहा गेली, तास गेला. एकाही झाडाने मान टाकली नाही!

मावशींनी एक रोप उपटलं. दोन-तीन बारीक गाठी सोडल्या तर मुळं पांढरीशुभ्र होती. “थोडे उरलेत,” त्या म्हणाल्या, “पण आता मातीत त्यांच्यावर पहारा आहे.”

त्या रात्री एकसष्ट ताटांत टोमॅटोची कोशिंबीर होती.

पुढच्या महिन्यात मंगळाकडे निघालेलं एक यान इंधनासाठी उतरलं. त्याच्या कप्तान बाई मळ्यात आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या मळ्यासाठी तुमची ती शिकारी बुरशी मिळेल का?”

मावशींनी शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीने बरणी भरली, झाकण तीनदा तपासलं आणि ठळक अक्षरांत चिठ्ठी लिहून चिकटवली: ‘आत जिवंत मदतनीस आहेत. जपून न्या. आणि कुठली माती कुठून आली, ते लिहून ठेवा.’