दिव्याइतकीच

साधनानं पाय डोक्यावर नेला असता, तर विद्यापीठाच्या संघात एकेरीची जागा, पेपरात नाव आणि पुढंमागं खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, एवढं पदरात पडणार होतं. नाही नेला, तर मामाच्या चिंचवडच्या दोन खोल्यांत मामीच्या हातची गरम भाकरी चालू राहणार होती… पोर शहाणी, तिनं भाकरी धरली!

आईवेगळी साधना लातूरकडून शिकायला रंगरावमामांकडे आली, तेव्हाची गोष्ट. मामेबहीण दिव्या आणि ती कॉलेजच्या योगासन संघात जोडीनं उतरत. नटराजासनात मागचा पाय हातांनी धरून उचलायचा. दिव्याचा कानाशीच अडे, साधनाचा सहज डोक्यावर जाई. दुर्गामामी वाढता वाढता हसून म्हणाल्या, "आसऱ्याला आलेल्या लेकीनं घरच्या लेकीहून उंच दिसू नये, बाई!" सगळे हसले, साधनाही हसली… आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा पायही कानाशीच थांबू लागला. जोडी जुळ्यांसारखी दिसू लागली, पदकं आली. "किती रुळली हो पोर!" शेजारणी म्हणाल्या.

शेवटच्या वर्षी दिव्याची पाठ गेली, जोडी मोडली. प्रशिक्षक कुसुमताई घरी आल्या. "साधना, तू एकेरीत उतर. पण पाय डोक्यावर हवा."

"तिला कुठलं जमायलंय!" मामी म्हणाल्या. "माझ्या दिव्याइतकंच तर येतं तिला."

"खोटं!" अंथरुणातून दिव्या ओरडली. "साधनाताई थांबायची गं, आई… माझ्यासाठी थांबायची! मला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मी पदकं घालून मिरवत राहिले!"

"दिव्या, पुरे ना…" साधना म्हणाली.

"नाही! आज माझ्याकडं बघू नकोस. ने पाय वर, ताई!"

साधना उभी राहिली. पाय उचलला… कानाशी आला, थांबला. तिनं ओढला, खांदे थरथरले, श्वास कोंडला.

"दिव्या… जरा डोळे मिटतेस?"

दिव्यानं डोळे गच्च मिटले. तरीही पाय तिथंच!

"नाही जात गं…" साधना कशीबशी हसली. "त्याला वाटतं, इथंच संपतं."

मामी मटकन खाली बसल्या, तो पाय पोटाशी धरून हमसून रडल्या. "माझ्या जिभेनं अडवला गं हा! माझी लेक आहेस तू, लेक…"

कुसुमताई जिना उतरून गेल्या.

त्या दुपारी मामींना दुसरी लेक मिळाली, दिव्याच्या मनावरचं ओझं उतरलं, जो तो आपापलं रडून मोकळा झाला. किंमत मोजली ती एकट्या साधनानं. आणि मामींचे डोळेही तिनंच पुसले.