शेजारच्या सीटचा बेल्ट

माझ्या थापा अख्ख्या सासरवाडीला पाठ आहेत. मी वाघ म्हटलं की लोक मांजर समजतात. पण ही गोष्ट निघाली की माझी बायको खोलीतून उठून जाते.

कारण ही घडलेली आहे. तिच्या सख्ख्या भावांच्या बाबतीत.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती, गाड्यांची शोरूम होती, एसी चालू होता. भुताला वेळकाळ कळत असता तर ते भूत कशाला झालं असतं?

तर, माझे दोन मेहुणे. थोरल्याला सगळे दादा म्हणायचे. धाकटा बारक्या. वजन शंभरीला टेकलं तरी नाव बारक्याच.

दोघांचं काचांचं दुकान. खिडक्यांच्या काचा कापायच्या, कडा घासायच्या, पिकअपमध्ये उभ्या लावून घरोघरी पोचवायच्या. काचेनं दादांची अर्धी करंगळी नेली आणि घासायच्या मशीननं कान. जाड आवाज यायचे. बारीक आवाज अजिबात नाही. फोन वाजला तरी शेजारचा सांगायचा.

म्हणून गाडी पारखताना दादा तळहातानं ऐकायचे. बारक्या गाडी चालवणार. दादा शेजारच्या सीटवर, बेल्ट लावून, डॅशबोर्डवर पंजा टेकवून, डोळे मिटून. इंजिनाची धडधड हाताला कळते म्हणायचे. बारीक आवाजांसाठी मात्र बारक्याचे कान.

गेल्या वर्षी त्यांनी एक जुनी टर्बो पिकअप घेतली.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. लहान इंजिन मोठ्याचा आव आणतं. माझ्यासारखंच म्हणा ना. हवा भरली की मीही चढ चढतो.

दादांना साधी गाडी हवी होती. चढाला रडेल पण घरी आणेल, असं त्यांचं म्हणणं. बारक्याला टर्बो हवी होती. शेवटी टर्बो आली.

पावसाळा संपता संपता दादा एकटे काचा घेऊन निघाले. चढावर इंजिन अचानक किंचाळायला लागलं. ब्रेकला जुमानेना, चावी काढली तरी बंद होईना. समोर माणसं होती, म्हणून दादांनी गाडी भिंतीवर घातली.

लोक धावत पोचले तेव्हा चावी दादांच्या मुठीत होती.

आणि इंजिन... चालूच होतं.

त्यात भूत नव्हतं, बरं का. मेकॅनिकनं समजावलं. टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन धावतं, त्याला चावीची गरज नसते. पण आधी बरेच दिवस टर्बो रडव्या आवाजात शिट्टी मारतो. कान असलेल्या माणसाला कळतंच, म्हणाला.

झालं. सगळा दोष दादांच्या कानांवर. बहिऱ्यानं गाडी चालवावीच कशाला, असं लोक बोलले. वहिनीही तेच म्हणायच्या. कितीदा सांगितलं, कानाला मशीन लावा, नाही ऐकलं. त्या दादांच्या फोटोकडे रागानंच बघायच्या. मेलेल्या नवऱ्याशी त्यांचा अबोला होता.

बारक्या हे सगळं मान खाली घालून ऐकायचा.

यंदा दुकानाला गाडी हवीच होती. बारक्या मला शोरूमला घेऊन गेला. तिथला विक्रेता टर्बोचं असं कौतुक करत होता की मला माझीच आठवण झाली. या इंजिनाला काही होत नाही, साहेब. मागे दोन माणसं ऐसपैस. चला, चक्कर मारू.

बारक्या चालवायला बसला. जागा दाखवायला विक्रेता मला घेऊन मागे बसला. पुढची सीट रिकामी.

फाटक ओलांडलं आणि...

टिंग. टिंग. टिंग.

शेजारच्या सीटचा बझर. कुणी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही, असं सांगणारा.

सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, कागद नाही.

विक्रेता हसला. नवीन आहे, सेन्सर नाजूक असतो, म्हणाला.

टिंग. टिंग.

मग...

खट्.

बझर थांबला.

मी वाकून पाहिलं. बेल्ट लागलेला होता. रिकाम्या सीटवर. पण तो पाठीला टेकून सैल पडला नव्हता. एका छातीएवढा पुढे ताणलेला होता. आणि हळूहळू वर-खाली होत होता.

डॅशबोर्डवर ताजं पॉलिश होतं. त्यावर एक पंजा उमटला.

करंगळी अर्धीच.

विक्रेता सेन्सर, सेन्सर म्हणत राहिला, पण त्याचा आवाज रडव्या टर्बोसारखा झाला होता. बारक्यानं गाडी कशीबशी परत आणली. शोरूममागच्या नळावर तोंड धुतलं आणि पहिल्यांदा बोलला.

"दाजी, ती जुनी गाडी बघताना दादांनी मला विचारलं होतं. शिट्टी येतेय का?"

"मग?"

"येत होती. चांगली येत होती. मी नाही म्हणालो."

गाडी आवडली होती, एवढंच कारण. लाल रंग होता.

वहिनींना सांग, म्हणालो. दादा फुकटचा दोष वाहतायत. सांगतो, म्हणाला.

नाही सांगितलं. साध्या इंजिनाची, जुन्या बांधणीची पिकअप घेऊन टाकली. दादांना हवी होती ना, मग आता ते शांत होतील, असा त्याचा हिशेब. विक्रेत्यानं आधीच बजावलं होतं, यात काहीच मिळणार नाही. टर्बो नाही, स्क्रीन नाही, बेल्टचा बझरसुद्धा नाही.

हीच द्या, म्हणाला बारक्या.

पहिल्याच दिवशी दुकानात जायला निघालो. बारक्या चालवायला, मध्ये कोंबलेला मी, खिडकीशी वहिनी. वहिनींनी बेल्ट लावला. गाडी कोपऱ्यावर वळली आणि...

टिंग. टिंग. टिंग.

बारक्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

वहिनी वैतागल्या. "काय वाजतंय हे, भावोजी? बेल्ट तर लावलाय मी."

चढ लागला. इंजिन रडत रडत चढत होतं. टिंग. टिंग.

मग वहिनींनी उजवा हात उचलला आणि डॅशबोर्डवर ठेवला. पंजा पसरून. करंगळी मुडपून.

डोळे मिटले.

आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शिट्टी येतेय का?"

बारक्यानं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. घामानं शर्ट चिकटलेला.

"येत होती," तो म्हणाला. "तेव्हा येत होती, दादा. मी खोटं बोललो."

बझर थांबला.

वहिनींनी डोळे उघडले. हात खाली घेतला. "काय येत होती? कुणाशी बोलताय?"

"तुम्ही आत्ता विचारलंत ना."

"मी? मी कुठे काय विचारलं?"

त्यांचा चेहरा पाहून कळलं, त्या खरं बोलत होत्या. मी थापाड्या आहे, मला खोटं लांबून ओळखू येतं.

मग बारक्यानं सगळं सांगितलं. तळहात, प्रश्न, शिट्टी, लाल रंग. वहिनींनी एकदाही मध्ये तोडलं नाही. रडल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "वर्षभर मी त्यांना बोल लावत होते. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

त्यांनी बेल्ट काढला.

खट्.

उतरल्या, दार लावलं आणि मागे न बघता घराकडे चालू लागल्या.

आम्ही दोघं तसेच बसलो. इंजिन बंद होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

आणि मग त्याच सीटवरून, माझ्या कोपराला लागून...

पुन्हा एकदा.

खट्.

आता दादांच्या फोटोसमोर वहिनी रोज जरा वेळ बसतात. बारक्याशी कामापुरतंच बोलतात. बझर परत वाजलेला नाही. वायरी तपासल्या. बझर सापडला नाही, कारण तो नव्हताच.

बारक्या म्हणतो, दादा उतरले, सुटले.

असेलही. पण दार एकदाच लागलं होतं. वहिनींचं.

मी त्या गाडीत मध्ये बसत नाही. मागे, काचांजवळ उभा राहतो.