गाळलेल्या शब्दांची वही

“चोर माझ्या घरी चहा पिऊन गेलाय,” बाई म्हणाल्या. “दोघांपैकी कुठला, तेवढं तुम्ही शोधून द्या.”

एवढं बोलून त्यांनी टेबलावरचं वहिनींचं कार्ड उचललं. ‘खाजगी तपास व खाजगी चौकशी’ असं त्यावर छापलेलं होतं. बाईंनी पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि दुसरं ‘खाजगी’ खोडून कार्ड परत ठेवलं.

“एकदा पुरे.”

भाऊजींना हे मुळीच आवडलं नाही. कार्ड त्यांनीच लिहून छापून आणलं होतं. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी तपास करत आणि भाऊजी तो तपास आपणच करतोय अशा थाटात सोबत हिंडत. उठताबसता ते ‘वहिनी, वहिनी’ करत, त्यामुळे अख्खा गाव त्यांना वहिनीच म्हणू लागला होता.

“सुरुवातीपासून सांगा,” वहिनी म्हणाल्या.

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक सरावाची वही लिहिली. चाळीस पाठ, प्रत्येकात वीस वाक्यं.

“इंग्रजीत तोच शब्द पुन्हापुन्हा आला की वाक्य बोजड होतं. मग तो गाळायचा, नाहीतर त्याच्या जागी एखादा छोटा शब्द ठेवायचा. ‘माय सिस्टर सिंग्ज अँड आय सिंग’ असं म्हणायचं नाही. ‘माय सिस्टर सिंग्ज, अँड सो डू आय.’ झालं.”

“म्हणजे बदली कामगार!” भाऊजी खूश झाले.

“तसंच समजा. पण एक अट आहे. गाळलेला शब्द वाचणाऱ्याला मनातल्या मनात कळला पाहिजे. कळला नाही तर ते गाळणं नव्हे, खोडणं.”

त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक जाडजूड वही, एक पातळ छापील पुस्तिका. पुस्तिका दुसऱ्याच प्रकाशनाची होती आणि लेखक म्हणून कुणा अनोळखी माणसाचं नाव होतं.

“दहा दिवसांपूर्वी ही बाजारात आली. वाक्यन् वाक्य माझं. आता माझे प्रकाशक म्हणतात, मीच एक वही दोन ठिकाणी विकली. सोमवारपर्यंत खुलासा दिला नाही तर सगळ्या शाळांना तसं पत्र पाठवणार आहेत.” बाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “चौतीस वर्षं मी मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितलं हो!”

वहिनींनी वही उघडली. प्रत्येक पानावर टपोऱ्या अक्षरात सहा वाक्यं होती आणि नको असलेल्या शब्दांवर कागदाच्या छोट्या पट्ट्या होत्या. पट्टी डाव्या कडेनेच चिकटवलेली. आधी छोटं वाक्य वाचायचं, मग पट्टी उचलून आत काय गाळलंय ते बघायचं.

“वाक्यांना आकडे नाहीत?”

“ते छापताना घालायचे. आणि पुस्तिकेत माझा तेविसावा पाठ बघा, वीसऐवजी आठच वाक्यं ठेवलीत. चोराला तेवढीच लाज वाटली असेल.”

पहिल्या पानावर बाईंचं नाव होतं आणि त्याखाली आणखी एक पट्टी. ही मात्र चारही कडांनी घट्ट बसवलेली होती.

“ही उचलत नाही,” भाऊजी नखाने प्रयत्न करत म्हणाले.

“तिथे शाई सांडली होती,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही आपल्याकडे ओढली.

वही कोणाकोणाच्या हाती गेली, ते मग त्यांनी सांगितलं. महिन्यापूर्वी एका शनिवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी त्या शेवटच्या पट्ट्या चिकटवत बसल्या होत्या. एरवी गोंद ओला असताना दोन पानांमध्ये मेणकागद ठेवायची त्यांची पद्धत. त्या दिवशी गाडी दारात आली, म्हणून वही तशीच मिटून त्या निघाल्या. दुपारी डोळ्याला पट्टी बांधून घरी आल्या. रविवारी प्रूफं तपासणारे गृहस्थ प्रकृती विचारायला येऊन गेले. सोमवारी सकाळी वही टाइप करायला डीटीपीवाल्याकडे गेली, आठवड्याने घरी परत आली.

“या दोघांपैकीच एक. दोघांनी माझ्या घरचा चहा प्यायलाय.”

“घरात आणखी कोण असतं?”

“धाकटी बहीण. तिला सोडून.”

“कोणाला सोडायचं ते मी शेवटी ठरवीन,” वहिनी म्हणाल्या. “वही दोन दिवस माझ्याकडे राहू द्या.”

डीटीपीवाल्याची खोली एका जिन्याखाली होती. दोन संगणक, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात पाणी तापवायची किटली. चोरीचं नाव काढताच तो उसळला.

“मी? अहो, ती वही करताना माझे सहा दिवस गेले, सहा! उचल पट्टी, वाच, टाइप कर, ठेव पट्टी. आठशे पट्ट्या! बोटं सोलवटली माझी. तेच काम मी आणखी कोणासाठी पुन्हा करीन? मला काय वेड लागलंय?”

“फोटो काढायला एवढा वेळ लागत नाही,” भाऊजी डोळे बारीक करून म्हणाले.

“पट्टी उचलल्याशिवाय आतलं फोटोत येतं का, साहेब?”



“तेविसाव्या पाठात काही अडचण?” वहिनींनी विचारलं.

“त्यात समोरासमोरची दोन पानं चिकटली होती. सहा वाक्यांनंतर एकदम दोनच उरली. म्हटलं, बाई विसाचा हिशेब चुकायच्या नाहीत. किटलीची वाफ दिली, अलगद सुटली. आत बारा वाक्यं! बाईंना कळवलं नाही. डोळ्याला पट्टी होती त्यांच्या, उगाच जिवाला घोर.”

प्रूफं तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘वेलांटी’ म्हणत. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी म्हणे एकदा सोयरीक मोडली होती. त्यांनी बाईंच्या पुस्तकाची प्रूफं पुढे टाकली. तेविसाव्या पाठात वीस वाक्यं व्यवस्थित होती.

“वही तुम्ही कधी पाहिली?” वहिनींनी विचारलं.

“पाहिलीच नाही. माझा संबंध प्रूफांशी. त्या रविवारी अर्धा तास बसलो, तोही बाईंच्या पलंगाशेजारी. तिथून हललो नाही.”

“घरात काही वेगळं जाणवलं?”

वेलांटी हसले. “धाकटीने दार उघडायला पाच मिनिटं लावली. मग चहा दिला, तर कप माझ्या हातात आणि बशी तिच्या बोटांना चिकटलेली! म्हटलं, पाकात हात घातलास की काय? तर लालबुंद झाली आणि आत पळाली.”

बाहेर आल्यावर भाऊजींनी निकाल लावला. “वहिनी, हाच तो. जास्त हसतोय.”

“हसण्यावरून पकडायचं तर पहिले तुम्ही आत जाल, भाऊजी.”

धाकटी बहीण घरीच भेटली. बाई शाळेत शिकवत तेव्हा हिने घर सांभाळलं होतं. मोठ्या बहिणीपेक्षा मऊ बोलणारी आणि चोरीबद्दल तिच्यापेक्षा जास्त संतापलेली.

“पोलिसांत द्या त्या डीटीपीवाल्याला! आमची वही... ताईची वही म्हणजे काय रस्त्यावर पडली होती?”

“वाक्यं फार छान आहेत,” वहिनी सहज म्हणाल्या. “छत्रीचं तर मला फारच आवडलं.”

तिचा चेहरा उजळला. “ते माझं! भाजी घेऊन येताना सुचलं होतं. बसच्या रांगेचंही माझंच. रोज चार वाजता मी वाक्यं सांगायची, ताई त्यातले शब्द गाळायची. सात वर्षं चाललं होतं आमचं.” मग एकदम आवाज खाली गेला. “म्हणजे, लिहिलं तिनेच.”

“ऑपरेशननंतरच्या दोन दिवसांत वही कुठे होती?”

“टेबलावर. मी ताईच्या उशाशी. वहीला मी हातसुद्धा लावला नाही. सोमवारी उचलली आणि डीटीपीवाल्याला नेऊन दिली, बस.”

सोमवारी सकाळी अकरा वाजता बाईंच्या बैठकीत सगळे जमले. प्रकाशक शाळांना पाठवायचं पत्र खिशात घेऊनच आले होते. डीटीपीवाला दाराशी उभा राहिला, वेलांटींनी खुर्ची पटकावली. धाकटीने सगळ्यांना पाणी दिलं. बाई लाल पेन्सिल मुठीत धरून ताठ बसल्या होत्या.

“चोराने काय घेतलं हे सगळ्यांनी पाहिलं,” वहिनी म्हणाल्या. “काय घेतलं नाही, ते मी पाहिलं. तेविसाव्या पाठातली बारा वाक्यं. बाई, ती लाजेखातर सोडलेली नाहीत. चोराला ती दिसलीच नाहीत.”

त्यांनी वहीतली ती दोन पानं उघडून धरली. वाफेने कागदाला लाटा आल्या होत्या.

“ऑपरेशनच्या सकाळी तुम्ही मेणकागद न घालता वही मिटलीत. ही पानं चिकटली. आधीच्या पानावर सहा वाक्यं, नंतरच्या पानावर दोन. सहा आणि दोन किती, भाऊजी?”

“आठ,” भाऊजी म्हणाले. मग त्यांचे डोळे मोठे झाले. “पुस्तिकेत आठच आहेत!”

“आणि वाक्यांना आकडे नसल्यामुळे मधली गेली हे कोणाला कळलं नाही. पानं सोडवली डीटीपीवाल्याने. त्याला चोरायचं असतं तर वीसच्या वीस वाक्यं हाताशी होती. प्रूफांतही वीस आहेत, म्हणजे प्रूफांवरूनही चोरी झाली नाही. मग नक्कल कधी झाली? वही मिटल्यापासून ती डीटीपीवाल्याच्या हाती जाईपर्यंत. शनिवार आणि रविवार. ते दोन दिवस वही याच घरात होती.”

“रविवारी हे आले होते,” धाकटी घाईने म्हणाली.

“अर्धा तास. पुस्तिकेत पट्ट्यांखालचे शब्दही आहेत. पट्टी उचलून धरल्याशिवाय ते फोटोत येत नाहीत. आठशे पट्ट्या अर्ध्या तासात उचलता येतील? आणि हे बाईंच्या पलंगापासून हललेही नाहीत.” वहिनी तिच्याकडे वळल्या. “उचलताना काही पट्ट्या सुटल्या असतील. त्या पुन्हा गोंदाने लावाव्या लागल्या असतील. वहीला हातसुद्धा न लावता तुमच्या बोटांना बशी कशी काय चिकटली?”

वेलांटींनी हळूच आपल्या बोटांकडे पाहिलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचं काहीतरी चुकतंय. ही नाही. अगं, सांग ना त्यांना!”

धाकटीने हातातला पाण्याचा ट्रे खाली ठेवला.

“सांग की!”

“मीच केलं, ताई.”

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “मी आंधळी होऊन आत पडले होते. तू मला चमच्याने भरवत होतीस. आणि इकडे येऊन...” त्यांनी टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवलं. “मागितलं असतंस तर काय दिलं नसतं मी तुला?”

“नाव,” धाकटी म्हणाली. “पहिल्या पानावरची पट्टी उचला कोणीतरी.”

डीटीपीवाला मुकाट्याने आत गेला. चहाचं आधण उकळत होतं. वही वाफेवर धरून त्याने ती पट्टी सोडवली आणि वही टेबलावर ठेवली. बाईंच्या नावाखाली, त्याच टपोऱ्या अक्षरात, धाकटीचं नाव होतं. आडनाव तेच.

“शनिवारी तुला झोप लागल्यावर मी ओल्या पानांत मेणकागद ठेवायला म्हणून वही उघडली,” धाकटी म्हणाली. “पहिल्याच पानावर ही पट्टी. सात वर्षं दोन नावं होती तिथे.”

“प्रकाशक म्हणाले, एकच नाव हवं,” बाई पुटपुटल्या.

प्रकाशक अवघडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मी असं कधी म्हणालो, बाई? दुसरं नाव होतं हेच मला आज कळतंय.”

बाईंची मान खाली गेली.

“तूच शिकवतेस ना,” धाकटी म्हणाली, “गाळलेला शब्द वाचणाऱ्याला कळला पाहिजे म्हणून? मला गाळलंस ते कोणाला कळणार होतं?”

“मग पुस्तिकेवर तुझं नाव तरी घालायचंस!” बाई ओरडल्या. “कुठल्या परक्याचं घातलंस?”

“मला माझं नाव नकोच होतं, ताई. तुझं नको होतं, एवढंच.”

भाऊजी खिडकीशी जाऊन उभे राहिले.

शेवटी प्रकाशकांनी खिशातलं पत्र फाडलं आणि घसा खाकरला. बाईंवरचा आळ जायचा तर धाकटीचा कबुलीजबाब लेखी हवा होता. धाकटीने नकार दिला नाही. ती टेबलाशी बसली आणि एका दमात लिहून तिने सही केली. कागद टेबलावर ठेवून ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅग ओढल्याचा.

बाईंनी कागद उचलला. सवयीने लाल पेन्सिल वर आली.

‘ही वही माझ्या ताईची आहे. मी माझ्या ताईची वही माझ्या ताईला न सांगता घेतली. माझ्या ताईचा यात काहीही दोष नाही. माझ्या ताईने ही वही कोणालाही विकलेली नाही...’

दहा ओळींत ‘माझी ताई’ अकरा वेळा आली होती. पेन्सिल पहिल्या ओळीवर थांबली, दुसरीवर आली, तशीच शेवटपर्यंत गेली.

आतून पावलं आली, दारापर्यंत गेली, बाहेरचं फाटक वाजलं. बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांनी कागद प्रकाशकांच्या हातात दिला. त्यातला एकही शब्द खोडलेला नव्हता.