पाऊस कुठाय?

सवयीने मी गाडीचं उजवं दार उघडलं आणि बसणार, तर आत आधीच एक माणूस!

"स्टिअरिंग पलीकडे आहे," तो शांतपणे म्हणाला. चक्क मराठीत. "इकडे मी आहे."

हा माझा ड्रायव्हिंगचा मास्तर. माझ्या लायसनची प्रत आधीच पोचल्यामुळे त्याने माझी भाषा ओळखली होती. तिकडे भारतात मी नऊ वर्षं गाडी चालवलेली, त्यामुळे शिकायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. पण माझं जुनं लायसन इथे परदेशात वर्षभरच चालणार होतं आणि त्यातला महिनाच उरला होता. मी फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देणारी. परीक्षेत नापास झाले तर नोकरी गेली आणि मीही परत.

इथे सगळंच उलटं, इंडिकेटरची दांडीसुद्धा. वळताना इंडिकेटर द्यायला जावं, तर लख्ख उन्हात वायपर सुरू! मी ओशाळायचे. तो मात्र हसायचा नाही, एवढंच विचारायचा, "पाऊस कुठाय?"

मला खरं कुतूहल होतं ते वेगळंच. त्याच्या डोक्यावरच्या सन व्हायझरमध्ये आपल्याकडचं एक लायसन खोचलेलं असायचं. कधीच मुदत संपलेलं. फोटोत बारीक मिशी, घाबरलेले डोळे. हे का जपलंय, म्हणून मी रोज खोदून विचारायचे.

"पास झालात की सांगेन..."

आता पास व्हायला मला दोन कारणं होती. दुसरं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी पहिल्याच वळणावर हात पुन्हा चुकीच्या बाजूला निघाला. पाऊस कुठाय? मनात त्याचा आवाज आला आणि हात जागच्या जागी थांबला. पास झाले!

परतताना गाडी त्याने चालवायला घेतली.

"आता सांगा," मी म्हटलं.

"इथे आल्यावर तीनदा नापास झालोय मी. वायपरपायीच. शिकणारा चुकला की ते माझं जुनं लायसन बघतो, मग हसू येत नाही."

मला एकदम तो फार आवडला. म्हणजे आवडत होताच, आज स्वतःशी कबूल केलं.

"उद्यापासून माझी शिकवणी बंद ना?" मी खिडकीबाहेर बघत विचारलं.

माझ्या गल्लीचं वळण आलं. त्याने इंडिकेटर द्यायला हात नेला आणि... कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरू लागले. आठ वर्षं इथे गाडी शिकवणारा माणूस!

"पाऊस कुठाय?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले होते. त्याने गाडी कडेला घेतली.

"बंद नको," तो म्हणाला. "उद्या तू चालव. मी नुसता शेजारी बसेन... चालेल?"

वायपर बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.