भिकाजीआबांचा हळू लॅपटॉप

लोणावळ्यात माणसं विश्रांतीसाठी येतात आणि ती लवकर मिळावी म्हणून हॉर्न वाजवतात. इर्शादचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान बाजारात दोन चिक्कीवाल्यांच्या मध्ये होतं. त्यामुळे दारात येणाऱ्यांपैकी निम्मे लोक आधी अर्धा किलो शेंगदाणा चिक्की मागत. उरलेल्या निम्म्यांचं मागणं ठरलेलं असे: मशीन हळू झालंय, जलद करून द्या. इर्शाद ते करून देई. एवढ्या वर्षांच्या धंद्यात कुणी त्याच्याकडे उलटं काही मागितलं नव्हतं.

जवळच्या औंढ्याचे भिकाजीआबाही पहिल्यांदा आले ते याच कामाला. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून जन्म काढलेला, म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर जाव्यात म्हणून स्वतः थांबून राहिलेला माणूस. लॅपटॉप त्यांनी दोन टॉवेलांत गुंडाळून, अंडी आणावीत तसा आणला होता. मुलगा प्रदीप बंगळूरला नोकरीत. सकाळी तो व्हिडिओवर बापाशी बोलू बघे, पण आबांचं मशीन उघडेपर्यंत त्याची ऑफिसची गाडी दारात येई. रॅम वाढवून टाका, असं त्याने इर्शादला फोनवरूनच फर्मावलं होतं.

इर्शादने मागचं झाकण काढलं. आत चार जीबीची एकच पट्टी होती. आठची घालू म्हणाला, पण ती याच जातीची हवी. नव्या जातीच्या पट्टीची खाच दुसरीकडे असते, कितीही दाबली तरी बसत नाही.

"म्हंजी हितंबी जात आडवी आली म्हन की," आबा म्हणाले.

हसावं की नाही ते इर्शादला कळेना. मग आबाच आधी हसले.

नवी पट्टी बसली. मशीन चुटकीसरशी उघडू लागलं. प्रदीपने अंगठा पाठवला. जुन्या पट्टीची टोकं इर्शादने खोडरबराने घासून लखलखीत केली आणि ती एका टायपिंग क्लासच्या मशीनमध्ये लावून टाकली. गोष्ट खरं तर इथे संपायला हवी होती.

त्याच आठवड्यात आबा परत आले. एक गाल सुजलेला.

"पयल्यासारकं करून दे," ते म्हणाले.

बिघाड काय झाला, असं इर्शादने विचारलं. बिघाड काहीच नव्हता. लय झ्याक चालतंय, आबा म्हणाले, तीच तर अडचण. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि पलीकडच्या चिक्कीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सगळं सांगितलं.

बायको विठाबाई होती तेव्हा आबा सकाळी बटण दाबत आणि ती शेजारी, खिडकीच्या बाजूला, तांदळाचं ताट घेऊन बसे. तांदूळ घरच्या खाचरातला, गावच्या गिरणीत कांडून आणलेला; त्यात खडे असायचेच. मशीन उघडून पोरगा दिसेपर्यंत तिचं निवडणं होई आणि दोघांचं बोलणंही. गेल्या वर्षी ती गेली. आबा सवयीने ताट ठेवत राहिले. त्यांना स्वतःला खडा आणि दाणा यांतला फरक दिसत नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं राहिलंय. पण मशीन उघडेपर्यंत ताटातले खडे कडेला आलेले असत. खिडकीच्या बाजूच्या कडेला.

"रोज?" इर्शादने विचारलं.

"रोज. मशीन उघडलं की काम बंद. आता मी बूड टेकवतोय तवर उघडतंय. परवा भातात खडा आला, दाढ गेली."

इर्शाद दुरुस्तीवाला माणूस होता. नादात आबाच निवडत असतील, नाहीतर शेजारची कस्तुराबाई येऊन निवडून जात असेल, असा हिशेब त्याने मनात मांडला. पण म्हाताऱ्याने दाढेपेक्षा जास्त काहीतरी गमावल्यासारखं तोंड केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार जीबीची एक पट्टी खिशात घालून औंढ्याला गेला.

ही पट्टी तीच नव्हे, हे त्याने आधीच सांगून टाकलं. आबांचा चेहरा पडला. टायपिंग क्लासवाल्याकडून ती परत मिळेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

खोली झाडलेली, स्वच्छ होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी विठाबाईचा फोटो, हसू दाबून धरलेला. पलंगापुढे लोखंडी टेबल. बाहेर खाचरांवर धुकं होतं आणि कुठेतरी कुणीतरी पंप चालू करायच्या खटपटीत होतं. इर्शादने पट्टी बसवली. ताटातला तांदूळ स्वतःच्या हाताने ढवळला, खडे पार खाली गेलेत याची खात्री केली. बटण दाबलं.

पडद्यावर ठिपके गोल गोल फिरू लागले.

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खिडकीकडे तोंड करून हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली. कस्तुराबाईची म्हैस व्यायली. बंगळूरला पाणी दिसाआड येतंय. दाढेचं काय सांगत न्हाई, हसशील.

इर्शाद आबांच्या हातांवर नजर ठेवून होता. हात हलले नाहीत. त्याने ताटाकडे पाहिलं. कडेला एक खडा होता.

मग त्याने ताटावरच डोळे रोखले. तो बघत होता तोवर काहीही झालं नाही. डोळ्यांत पाणी आलं, पापणी लवली.

कडेला तीन खडे होते.

ठिपके थांबले. मशीन उघडलं. ताटाच्या मध्यापासून कडेकडे निघालेला एक खडा निम्म्या वाटेत तसाच राहिला. त्याच्यामागे तांदळात बोटभर रुंदीची रेघ होती.

"आली," आबा म्हणाले. ते पट्टीबद्दल बोलत नव्हते.

दोन दिवसांनी प्रदीपचा फोन आला. मशीन पुन्हा पहिल्यासारखं कसं झालं, असं तो चिडून विचारत होता. दमट हवा, इर्शाद म्हणाला. लोणावळ्यात दमट हवेवर काहीही ढकलता येतं, माणसं तर मोडलेली लग्नंसुद्धा ढकलतात. पण प्रदीप बंगळूरला राहत होता. नवाच लॅपटॉप पाठवतो म्हणाला, बटण दाबायच्या आत उघडणारा. आणि ते जमलं नाही तर बाबांना इकडेच घेऊन येतो.

ते आबांना कळलं असावं, कारण ते त्याच दुपारी दुकानात आले.

"त्याहून हळू मिळंल का?"

खणात दोन जीबीची एक पट्टी पडून होती. कुणी फुकटही नेली नसती.

"आबा, मग ते अर्धा-अर्धा तास उघडणार नाही. एखादे वेळी उघडणारच नाही. प्रदीपशी बोलणं कसं होणार?"

"त्याच्याशी बोलाया फोन हाय की," आबा म्हणाले. "हिच्याकडं काय हाय?"

इर्शादने पट्टी घासली आणि बसवून दिली. आबांनी लॅपटॉप टॉवेलांत गुंडाळला आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळचं आता निवांत होईल म्हणाले.

काही दिवस औंढ्याहून काहीच कळलं नाही. मग एका सकाळी प्रदीपचा फोन आला. आवाज चिडलेला नव्हता. नव्या लॅपटॉपचं पार्सल कस्तुराबाईकडे पोचलंय, बाबा फोन उचलत नाहीत, जरा बघून याल का?

इर्शाद स्कूटरवरून गेला. कस्तुराबाई अंगणात पार्सल कडेवर घेऊन उभी होती.

"आत्ता मगापत्तुर बोलत व्हते की आत," ती म्हणाली. "दोगं..." आणि ती थांबली. "न्हाई, येकलंच असतील."

दार नुसतं लोटलेलं होतं.

आबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. मान खिडकीकडे कललेली. हात गुडघ्यांवर.

"आबा."

त्याने मनगटाला हात लावला. गार होतं. पुन्हा हाक मारली नाही.

टेबलावर ठिपके गोल गोल फिरत होते.

पुढ्यात ताट होतं. तांदूळ जवळजवळ स्वच्छ झाला होता. खिडकीच्या बाजूला खड्यांची लहानशी ढिगली होती. दाराच्या बाजूला, आबांच्या बाजूला, दुसरी.

मध्ये एकच खडा उरला होता.

मशीनच्या कडेचा लाल दिवा लुकलुकू लागला, बॅटरी संपत आली होती. इर्शादने बंद करण्यासाठी झाकणाला हात घातला. मग हात काढून घेतला. चार्जर शोधला, भिंतीत लावला, पिन नीट बसली का ते पाहिलं. त्यानंतर दाराशी जाऊन कस्तुराबाईला हाक दिली.

वळून पाहिलं तेव्हा मधला खडा तिथे नव्हता. तो आबांच्या बाजूच्या ढिगलीवर होता, आणि आबांच्या उजव्या हाताच्या बोटांना आता तांदळाचा पांढरा कोंडा लागलेला होता.